जपानचे साहित्य पुरस्कार, दरबारी कचेऱ्या आणि सम्राटांचं घराणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं हायकूपाशी सुरू होतं आणि हारुकी मुराकामींपाशी संपतं. मधल्या हजार वर्षांकडे सहसा कुणी वळत नाही. मला मात्र त्या हजार वर्षांचंच वेड आहे, कारण तेव्हा तिथे चांगली कविता निवडणं हे सरकारी काम होतं. त्यासाठी राजवाड्यात दालन होतं, माणसं नेमलेली होती, सम्राटाची फर्मानं निघत होती. आजचे गाजलेले पुरस्कार त्या कामाचेच दूरचे वारस आहेत, असं मी मानते. जपानी शिकताना आणि पुढे शिकवताना जे प्रश्न सारखे कानावर आले, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

पुरस्कार, सरकारी खाती आणि राजघराणं हे तीन विषय एकत्र कशासाठी?

कारण जपानच्या बाबतीत ते एकमेकांपासून सोडवताच येत नाहीत. साधं नावांचंच बघा. ‘गेंजी मोनोगातारी’ ही प्रसिद्ध कादंबरी लिहिणारी मुरासाकी शिकिबु आणि तिची समकालीन सेई शोनागोन ही जुन्या जपानी गद्यातली दोन सर्वांत मोठी नावं. पण ही त्यांची जन्मनावं नव्हेतच. ‘शिकिबु’ हे एका सरकारी खात्याचं नाव. मुरासाकीचे वडील फुजिवारा नो तामेतोकी त्या खात्यात होते, म्हणून लेकीला दरबारात ते नाव चिकटलं. ‘शोनागोन’ हा मंत्रिपरिषदेच्या कचेरीतला हुद्दा, आणि ‘सेई’ हे कियोहारा या तिच्या माहेरच्या आडनावातलं पहिलं अक्षर. शोनागोन सम्राज्ञी तेइशीच्या पदरी होती, मुरासाकी सम्राज्ञी शोशीच्या, आणि या दोघी एकाच सम्राटाच्या, इचिजोच्या राण्या. खातं, घराणं आणि साहित्य ही तिन्ही अशी एकाच नावात गुंफलेली आहेत.

दाइजोकान म्हणजे काय?

राज्यकारभाराची सर्वोच्च कचेरी. इ.स. 701 च्या ताइहो संहितेने चीनच्या तांग राजवटीचा नमुना समोर ठेवून जपानचा कारभार बांधला. वर दोन कचेऱ्या होत्या: देवकार्यांसाठी जिंगिकान आणि बाकी सगळ्यासाठी दाइजोकान. दाइजोकानच्या प्रमुखाखाली एक डावा मंत्री आणि एक उजवा मंत्री, आणि मान डाव्याचा मोठा. त्यांच्याखाली दाइनागोन, शोनागोन असे हुद्दे, आणि त्याखाली आठ खाती: कुठे विधी आणि नेमणुका, कुठे लष्कर, कुठे न्याय, कुठे खजिना, कुठे राजवाड्याचा घरगुती कारभार. पंचांग, ग्रहतारे आणि शकुन-अपशकुन पाहणारी ओन्म्योर्यो नावाची स्वतंत्र शाखासुद्धा होती आणि ती 1870 मध्ये बंद झाली!

खरी सत्ता या कचेऱ्यांच्या हातून फार लवकर निसटली, पण नावं चिवट निघाली. 1868 नंतर, सत्ता पुन्हा सम्राटाच्या नावाने आल्यावर, मेइजी सम्राटांच्या सरकारने दाइजोकान पुन्हा उभी केली. 1885 मध्ये तिच्या जागी आधुनिक मंत्रिमंडळ आलं आणि इतो हिरोबुमी पहिले पंतप्रधान झाले. खजिन्याच्या खात्याचं ‘ओकुरा’ हे नाव तर अर्थमंत्रालयाने जानेवारी 2001 पर्यंत वापरलं. सम्राटाच्या घराचा कारभार पाहणाऱ्या आजच्या ‘कुनाइचो’ या संस्थेच्या नावातही त्या आठांपैकी एक खातं शिल्लक आहे.

सम्राट गादीवर होते, तर मग फुजिवारा कोण?

सम्राटांचे सासरे आणि आजोबा. आपली मुलगी राजवाड्यात द्यायची, तिच्या पोटी झालेला नातू गादीवर बसवायचा आणि त्याच्या नावाने आपण कारभार हाकायचा, ही या घराण्याची रीत. सम्राट लहान असेल तर ‘सेश्शो’ म्हणून, मोठा झाला की ‘काम्पाकु’ म्हणून.

त्यांचा सर्वांत बलाढ्य पुरुष फुजिवारा नो मिचिनागा. 1018 मध्ये त्याची तिसरी मुलगी सम्राज्ञी झाली. त्या रात्रीच्या मेजवानीत त्याने एक कविता म्हटली. तिचा आशय असा: हे जग माझंच आहे असं वाटतं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, कुठेच काही उणं नाही. रिवाजाप्रमाणे समोरच्या ज्येष्ठ दरबाऱ्याने, फुजिवारा नो सानेसुकेने, उत्तरादाखल कविता रचायला हवी होती. तो म्हणाला, इतक्या सुरेख कवितेला उत्तर कसलं द्यायचं, आपण सगळे मिळून तीच म्हणू या. मग सगळ्यांनी तीच ओळ पुन्हापुन्हा म्हटली. हे आपल्याला कळतं ते सानेसुकेच्या रोजनिशीमुळे. मिचिनागाने स्वतःच्या रोजनिशीत ही कविता लिहिलीच नाही. सत्तेच्या शिखरावरचा माणूस, पण त्याचा तो क्षण टिकला दुसऱ्याच्या वहीत. त्या दरबारात दप्तर आणि कविता किती जवळजवळ राहत, हे मला या प्रसंगाइतकं कशातच दिसलेलं नाही.

कवितेसाठी खरोखरच सरकारी कार्यालय होतं का?

होतं. त्याचं नाव ‘वाकादोकोरो’. ‘वाका’ म्हणजे 5-7-5-7-7 अशा एकतीस मात्रांची जपानी कविता आणि ‘तोकोरो’ म्हणजे जागा, ठिकाण.

951 मध्ये सम्राट मुराकामींच्या काळात राजवाड्यातल्या नाशित्सुबो या दालनात ते सुरू झालं. त्या दालनाच्या अंगणात पेअरचं झाड होतं, म्हणून ते नाव. तिथे पाच जण नेमले गेले आणि त्यांना दोन कामं मिळाली. पहिलं, नवा काव्यसंग्रह तयार करणं. दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं: ‘मान्योशू’ हा आठव्या शतकातला जुना संग्रह वाचून त्याचा उलगडा करणं. मान्योशू लिहिला गेला तेव्हा जपानीला स्वतःची लिपी नव्हती, म्हणून चिनी अक्षरं कधी उच्चारासाठी, कधी अर्थासाठी वापरलेली. दोनशे वर्षांत ती रीत विसरली गेली आणि आपल्याच पूर्वजांच्या कविता वाचता येईनाशा झाल्या. त्या वाचण्यासाठी सरकारने माणसं बसवली. त्या पाचांत एक होते कियोहारा नो मोतोसुके, म्हणजे सेई शोनागोनचे वडील.

1201 मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबा यांनी वाकादोकोरो पुन्हा उघडलं. या वेळी ‘शिन्कोकिन्शू’ हा संग्रह करायचा होता. निवड करणाऱ्यांत फुजिवारा नो तेइका होते आणि कार्यालयाच्या सदस्यांत कामो नो चोमेई, ज्यांनी पुढे संन्यास घेऊन डोंगरात छोटी झोपडी बांधली. गो-तोबा नावापुरते आश्रयदाते नव्हते. प्रत्येक कविता ते स्वतः पाहत, घालत, काढत. 1221 मध्ये त्यांनी कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध उठाव केला, हरले, आणि ओकी बेटावर हद्दपार झाले. तिथेही काम थांबलं नाही. जवळपास दोन हजार कवितांच्या त्या संग्रहातून त्यांनी सुमारे चारशे कविता गाळून स्वतःची वेगळी प्रत तयार केली. 1239 मध्ये त्याच बेटावर ते वारले.

शाही संग्रहात कविता येणं म्हणजे त्या काळचा पुरस्कारच का?

माझ्या मते आजच्या कुठल्याही पुरस्काराहून मोठा मान. सम्राटाच्या आज्ञेने निघणाऱ्या संग्रहांना ‘चोकुसेन्शू’ म्हणतात. 905 मध्ये सम्राट दाइगो यांच्या आज्ञेवरून सुरू झालेला ‘कोकिन्शू’ पहिला, 1439 मध्ये पूर्ण झालेला एकविसावा शेवटचा. एवढ्या पाचशे वर्षांत फक्त एकवीस. ना पैसे, ना सोहळा. तुमची एक कविता आत आली की नाव कायमचं राहिलं.

हा मान लोकांना काय वाटत होता, ते ताइरा घराण्याच्या पाडावाची कहाणी सांगणाऱ्या ‘हेइके मोनोगातारी’तल्या एका प्रसंगावरून कळतं. 1183. ताइरा घराणं युद्ध हरत आलेलं, राजधानी क्योतो सोडून सगळे पश्चिमेकडे निघालेले. त्यांच्यातला एक सरदार, ताइरा नो तादानोरी, अर्ध्या वाटेवरून काही स्वार घेऊन परत फिरला आणि फुजिवारा नो शुन्झेईच्या दाराशी आला. शुन्झेई त्याचा काव्यगुरू. दार बंद होतं, आतली माणसं भेदरलेली. शुन्झेईने दार उघडायला सांगितलं. तादानोरीने चिलखताखालून एक गुंडाळी काढली. आत त्याच्या शंभराहून अधिक निवडक कविता होत्या. तो म्हणाला, शांतता आली आणि शाही संग्रहाचं काम निघालं, तर यातली एखादी योग्य वाटली तर घ्या. मग मी मेलो तरी मला समाधान असेल. आणि तो निघून गेला. पुढच्याच वर्षी इचिनोतानीच्या लढाईत तो मारला गेला.

1188 मध्ये शुन्झेईने ‘सेन्झाइशू’ पूर्ण केला आणि तादानोरीची एक कविता त्यात घातली. शिगाची जुनी राजधानी उजाड झाली, डोंगरातली चेरी मात्र पूर्वीसारखीच फुलली आहे, अशी. पण ताइरा आता सम्राटाचे शत्रू ठरले होते. शाही संग्रहात शत्रूचं नाव कसं घालणार? म्हणून कवितेवर लिहिलं: ‘कवी अज्ञात’. ज्या नावासाठी माणूस जीव धोक्यात घालून परत आला, तेवढंच गाळावं लागलं. मी हा भाग वर्गात वाचून दाखवते तेव्हा पुढच्या धड्याकडे लगेच वळता येत नाही.

मग हे संग्रह बंद का पडले?

युद्धामुळे. बाविसाव्या संग्रहाचं ठरलं होतं, पण 1467 मध्ये ओनिन युद्ध पेटलं, दहा वर्षं चाललं आणि त्यात क्योतो जळून गेलं. त्यानंतर दरबाराकडे तेवढी ताकद आणि पैसाच उरला नाही.

सम्राट आणि शोगुन यांत खरा राजा कोण? छत्रपती आणि पेशवे यांच्यासारखं नातं होतं का?

समजायला ती तुलना सोपी वाटते, पण फार ताणू नये. शोगुन सम्राटाकडूनच नेमला जाई, इतपत साम्य खरं. मात्र शोगुन हा लष्करी सत्ताधीश. त्याची स्वतंत्र राजवट, ‘बाकुफु’, स्वतःच्या गावी स्वतःच्या कायद्याने चाले: आधी कामाकुरात, मग आशिकागांच्या काळात क्योतोच्या मुरोमाची भागात, आणि 1603 ते 1868 तोकुगावा घराण्याच्या हाताखाली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत. ही व्यवस्था जवळजवळ सात शतकं चालली.

या गोंधळाचा अनुभव गोव्याहून गेलेल्या एका ख्रिस्ती धर्मप्रचारकाने घेतला होता. कागोशिमाचा अंजिरो नावाचा माणूस 1548 मध्ये गोव्यात ख्रिस्ती झाला. त्याला सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर 1549 च्या एप्रिलमध्ये गोव्यातून निघाले आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरले. जपानच्या राजाला भेटून धर्मप्रसाराची परवानगी घ्यायची, हा त्यांचा बेत. 1551 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, ते क्योतोला पोचले. राजधानी लढायांनी मोडलेली. सम्राट गो-नारा यांची भेट झाली नाही, आणि भेटून उपयोगही नव्हता. याच सम्राटांनी गादीवर आल्यावर पैशांअभावी राज्याभिषेकाच्या विधीसाठी दहा वर्षं वाट पाहिली होती. अकरा दिवसांत झेवियर मागे फिरले आणि यामागुचीच्या स्थानिक सरदाराकडे गेले. सत्ता कुठे आहे ते त्यांना कळलं होतं. जुन्या गोव्यातल्या बॉं जेझुस चर्चमध्ये त्यांच्या अवशेषांसमोर उभं राहिलं की मला त्यांची ती थंडीतली वाट आठवते.

जपानमध्ये एकच राजघराणं झालं का? त्यांचं आडनाव काय?

आडनावच नाही. इतरांना आडनावं आणि पदव्या देणारं घराणं ते, त्याला स्वतःला कधी लागलं नाही. परंपरेने पहिला सम्राट जिम्मु, इ.स.पू. 660 चा, पण ती पुराणकथा आहे. इतिहासाच्या भक्कम आधारावर साधारण सहाव्या शतकापासूनची वंशावळ सांगता येते. आजचे सम्राट नारुहितो 126 वे मानले जातात.

अखंड म्हणतात तरी मधे एक मोठी फूट आहे. 1336 मध्ये सम्राट गो-दाइगो योशिनोच्या डोंगरात गेले आणि 1392 पर्यंत उत्तरेला एक दरबार, दक्षिणेला एक, असे दोन सम्राट होते. आजचं घराणं उत्तरेच्या शाखेतून आलेलं आहे, तरीही 1911 मध्ये मेइजी सम्राटांच्या काळात अधिकृत ठरलं की खरी गादी दक्षिणेची. म्हणून उत्तरेच्या पहिल्या पाच सम्राटांना क्रमांक नाहीत.

आणि दुसरं राजघराणंही आहेच, फक्त ते आपण विसरतो. आजच्या ओकिनावात 1429 पासून र्युक्यूचं स्वतंत्र राज्य होतं, शुरीच्या गडावर शो घराण्याचे राजे. त्यांच्या दरबारानेही ‘ओमोरो सोशी’ हा जुन्या गीतांचा संग्रह करवला, 1531 ते 1623 या काळात. 1879 मध्ये मेइजी सरकारने ते राज्य खालसा केलं आणि शेवटचा राजा शो ताई याला तोक्योला नेलं. 1967 मध्ये ओशिरो तात्सुहिरो यांना अकुतागावा पुरस्कार मिळाला तेव्हा ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं. ओकिनावातल्या लेखकाला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

सम्राट मुराकामी आणि हारुकी मुराकामी यांचं काही नातं?

नाही. सम्राटांना हे नाव मृत्यूनंतर दिलेलं, लेखकाचं ते आडनाव, आणि जपानमध्ये बऱ्यापैकी आढळणारं.

कधी स्त्री सम्राट झाली का?

आठ झाल्या, आणि त्यांतल्या दोघी दोनदा गादीवर आल्या, म्हणून कारकिर्दी दहा. पहिली सुइको सहाव्या शतकाच्या शेवटी, शेवटची गो-साकुरामाची, 1762 ते 1770. 1889 च्या कायद्याने गादी फक्त पुरुषांकडे ठेवली आणि 1947 च्या कायद्यातही तेच राहिलं. त्यामुळे नारुहितोंची एकुलती एक मुलगी आइको वारस होऊ शकत नाही. ज्या दरबारातली सर्वोत्तम पुस्तकं स्त्रियांनी लिहिली, त्याच्या गादीबद्दल हा नियम मला खटकतो.

‘रेइवा’ म्हणजे काय? आणि साहित्याशी त्याचा काय संबंध?

नारुहितोंच्या कारकिर्दीचं नाव. त्यांचे वडील आकिहितो 30 एप्रिल 2019 ला पायउतार झाले. जिवंतपणी गादी सोडल्याचं त्याआधीचं उदाहरण 1817 चं होतं. दुसऱ्या दिवसापासून रेइवा 1 सुरू झालं. कारकिर्दीची नावं तोवर चिनी ग्रंथांतून घेत. हे पहिल्यांदाच जपानी ग्रंथातून घेतलं, त्याच मान्योशूमधून. 730 मध्ये क्यूशू बेटावरच्या दाझाइफु या सरकारी ठाण्यातला अधिकारी ओतोमो नो ताबितो याने प्लमच्या बहरात मित्रांना घरी बोलावलं आणि सगळ्यांनी फुलांवर कविता केल्या. त्या कवितांच्या प्रस्तावनेतली ही दोन अक्षरं. दूरच्या प्रांतातल्या अधिकाऱ्याच्या अंगणातली ती मैफल आज जपानच्या सरकारी कागदांवर तारीख म्हणून छापली जाते.

अकुतागावा आणि नाओकी पुरस्कारांत फरक काय?

दोन्ही 1935 मध्ये किकुची कान यांनी सुरू केले. ते लेखक होते आणि ‘बुंगेइशुंजू’ मासिकाचे संस्थापक. दोन्ही पुरस्कार त्यांच्या दोन गेलेल्या मित्रांच्या नावाने आहेत.

अकुतागावा र्युनोसुके यांनी 24 जुलै 1927 ला, पस्तिसाव्या वर्षी आत्महत्या केली. दोघांची मैत्री इतकी की अकुतागावांनी थोरल्या मुलाचं नाव किकुचींच्या नावावरून हिरोशी ठेवलं होतं. आपण वर पाहिलेल्या जुन्या क्योतोच्या कथांतूनच अकुतागावांनी आपल्या अनेक गोष्टी उचलल्या. नाओकी सांजुगो हे ऐतिहासिक कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक, 1934 मध्ये गेले. खरं आडनाव उएमुरा. त्यातलं ‘उए’ हे अक्षर फोडलं की ‘नाओ’ आणि ‘की’ अशी दोन अक्षरं निघतात. ‘सांजुगो’ म्हणजे पस्तीस. एकतिसाव्या वर्षी त्यांनी एकतीस हे टोपणनाव घेतलं, मग बत्तीस, तेहतीस, आणि पस्तिसाला येऊन थांबले.

अकुतागावा पुरस्कार नव्या लेखकाच्या, मासिकातून आलेल्या लघु किंवा मध्यम लांबीच्या कथेला. तिथे भाषा आणि प्रयोग पाहतात. नाओकी पुरस्कार वाचकप्रिय लेखनाला, पुस्तकाला, आणि तो बरेचदा आधीच नाव झालेल्या लेखकाला मिळतो. मुख्य बक्षीस आजही घड्याळ. सोबतचे 10 लाख येन हे नियमाप्रमाणे दुय्यम बक्षीस.

निवड कशी होते?

वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. तोक्योच्या त्सुकिजी भागात शिंकिराकु नावाचं जुन्या पद्धतीचं भोजनगृह आहे. एकाच संध्याकाळी खालच्या मजल्यावर अकुतागावाची समिती बसते आणि वरच्या मजल्यावर नाओकीची. परीक्षक सगळे लेखक. अंतिम यादीतले उमेदवार आपापल्या संपादकांबरोबर कुठेतरी फोनची वाट पाहत बसतात. फोनवर आधी विचारतात: तुम्ही पुरस्कार स्वीकाराल का? आणि ‘नाही’ असं उत्तरही आलेलं आहे. 1943 मध्ये यामामोतो शुगोरो यांनी नाओकी नाकारला.

मला सर्वांत आवडते ती पुढची पायरी. प्रत्येक परीक्षक सही करून स्वतःचं मत लिहितो आणि ते मासिकात छापलं जातं. कुणाला का पसंत केलं, कुणाचं का पटलं नाही, सगळं उघड. समितीच्या नावाआड लपता येत नाही. अकुतागावाची विजेती कथाही त्याच अंकात संपूर्ण छापतात, म्हणजे वाचकाला परीक्षकांची मतं आणि मूळ मजकूर शेजारी ठेवून स्वतः ठरवता येतं. पात्र कथा नसेल तर पुरस्कार देतही नाहीत. जुलै 2025 मध्ये दोन्ही पुरस्कारांना विजेता नव्हता.

दाझाइ ओसामुंना अकुतागावा पुरस्कार का मिळाला नाही?

पहिल्याच वर्षी ते अंतिम यादीत होते. पुरस्कार इशिकावा तात्सुझो यांना गेला. परीक्षक कावाबाता यासुनारी यांनी आपल्या मतात दाझाइंच्या खासगी आयुष्यावर बोट ठेवलं. दाझाइंनी संतापून जाहीर उत्तर लिहिलं, आणि नंतर दुसरे परीक्षक सातो हारुओ यांना पुरस्कारासाठी विनवणारी पत्रंही पाठवली. ते तेव्हा कर्जात होते आणि वेदनाशामक औषधाच्या व्यसनात अडकले होते. पुरस्कार कधीच मिळाला नाही. आज मात्र दाझाइंची पुस्तकं जपानी शाळकरी मुलंही वाचतात. हारुकी मुराकामींचंही तसंच: दोनदा यादीत आले, दोनदा राहिले.

उलट उदाहरणंही भरपूर. 2004 मध्ये 19 वर्षांच्या वाताया रिसा आणि 20 वर्षांच्या कानेहारा हितोमी एकदमच विजेत्या ठरल्या, तर 2013 मध्ये 75 वर्षांच्या कुरोदा नात्सुको. 2008 मध्ये यांग यी या चिनी लेखिकेला हा पुरस्कार मिळाला. जपानी ही मातृभाषा नसलेल्या लेखकाला तो पहिल्यांदाच दिला गेला.

भारताचा काही संबंध?

आहे, आणि छान आहे. जानेवारी 2018 मध्ये इशिइ युका यांच्या ‘ह्याकुनेन दोरो’ला अकुतागावा मिळाला. नावाचा अर्थ ‘शंभर वर्षांचा चिखल’. कथा घडते चेन्नईत. पुरानंतर नदीतून वर आलेला चिखल आणि त्यात सापडणाऱ्या लोकांच्या हरवलेल्या वस्तू. लेखिका स्वतः चेन्नईत जपानी शिकवत होत्या.

मराठीपुरतं बोलायचं तर शिरीष पै यांनी हायकू आपल्या भाषेत रुजवला. पण हायकूचे सतरा अक्षरांचे तुकडे ज्या जुन्या एकतीस मात्रांच्या झाडावरून आले, ती वाका अजून मराठीत फारशी आलेली नाही. हे कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

जपान सरकार लेखकांना सन्मान देतं का? सगळे घेतात का?

सर्वोच्च सन्मान ‘बुंका कुंशो’, 1937 मध्ये सुरू झालेला. 3 नोव्हेंबरला राजवाड्यात सम्राटांच्या हस्ते देतात. कावाबातांनी तो 1961 मध्ये घेतला. ओए केन्झाबुरो यांना 1994 मध्ये नोबेल मिळालं आणि लगेच हा सन्मान देऊ केला गेला. त्यांनी नाकारला. लोकशाहीपेक्षा वरची कुठलीही सत्ता मी मानत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याआधी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी 1907 मध्ये पंतप्रधान साइओंजी यांच्या साहित्यिक मेळाव्याचं आमंत्रण एका हायकूने परतवलं होतं: कोकिळा साद घालते आहे, पण मी शौचालयात अडकलोय, बाहेर येता येत नाही. 1911 मध्ये सरकारने दिलेली डॉक्टरेटही त्यांनी घेतली नाही. राजवाड्याच्या मानासाठी परत फिरणारा तादानोरी आणि तो मान न घेणारे ओए, दोघंही मला तितकेच खरे वाटतात. दोघांनीही आपल्या शब्दाचं मोल जाणलं होतं.

‘उताकाई हाजिमे’ काय असतं? त्यात कुणालाही भाग घेता येतो का?

नव्या वर्षात राजवाड्यात होणारं पहिलं काव्यवाचन. त्याची सर्वांत जुनी नोंद 1267 ची. 1874 पासून सामान्य लोकांना कविता पाठवता येऊ लागल्या आणि 1879 पासून निवडलेल्या कविता सम्राटांसमोर वाचल्या जाऊ लागल्या. 1888 मध्ये दरबारी कवितेसाठी ‘ओउतादोकोरो’ ही नवी कचेरी निघाली. तिच्या जुन्या वळणावर कवी मासाओका शिकी यांनी 1898 मध्ये कडाडून टीका केली. कोकिन्शूच्या मुख्य संपादकाला, त्सुरायुकीला, त्यांनी सरळ वाईट कवी म्हटलं. ती कचेरी 1946 मध्ये बंद झाली. आता निवड बाहेरचे मान्यवर कवी करतात.

दरवर्षी एक अक्षर विषय म्हणून असतं, आणि ते कवितेत यावंच लागतं. 2024 ला ‘वा’ म्हणजे सलोखा, 2025 ला ‘युमे’ म्हणजे स्वप्न. दहा हजारांहून अधिक कविता येतात, त्यांतल्या दहा निवडतात. त्या दहा जणांना राजवाड्यात बोलावतात. त्यांत शाळेतली मुलं असतात, ऐंशी पार केलेली माणसंही असतात. एक जण कविता आधी संथपणे, चाल न लावता वाचतो. मग दुसरा पहिली ओळ सुरात धरतो आणि दुसऱ्या ओळीपासून बाकीचे त्याच्यात मिसळतात. स्वर इतके लांबवलेले असतात की एकतीस मात्रांना मिनिटं लागतात. ज्याची कविता असते तो तोवर उभा राहतो. शेवटी सम्राज्ञींची कविता दोनदा आणि सम्राटांची तीनदा म्हणतात.

परदेशातूनही कविता पाठवता येते. कविता जपानीत, स्वतःची, कुठेही न छापलेली आणि एका माणसाची एकच. जपानमध्ये राहणाऱ्यांना ती हाताने, कुंचल्याने लिहावी लागते. बाहेरच्यांना कागद आणि लेखणीची सूट आहे, आणि अंध व्यक्ती ब्रेलमध्ये पाठवू शकतात. पुढच्या वर्षीचं अक्षर सोहळ्याच्याच दिवशी जाहीर होतं आणि मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत असते. पाकीट कुनाइचोच्या नावाने पाठवायचं आणि त्यावर ‘एइशिन्का’, म्हणजे ‘अर्पण केलेली कविता’, असं जपानीत लिहायला विसरायचं नाही.